ईएससी कितीचा घ्यायचा? आधी हे मोजा, मग दुकानात जा

माझ्या टेबलाच्या खणात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात जळालेले ईएससी साठलेत, म्हणजे रिमोटच्या विमान-गाडीत बॅटरी आणि मोटरच्या मध्ये बसून मोटरचा वेग सांभाळणारी छोटी सर्किटं. काही माझे, बाकीचे "काका, बघा ना, चालू होतो का" म्हणत कुणी ना कुणी आणून दिलेले. चालू होत नाहीत. आतले मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारे स्विच) एकदा फुटले की उरतो तो फक्त वास, आणि तो डबा उघडला की अजून येतो.

यातले फार थोडे मुळात खराब निघाले होते. बाकीचे चुकीच्या जागी बसले. कारण दुकानातला पहिला प्रश्नच उलटा असतो: "तीसचा ईएससी चालेल का?" म्हणजे तीस अँपियरचा. कशाला चालेल? ईएससी मोटरमध्ये करंट ढकलत नाही. करंट ओढते ती मोटर. किती ओढायचा ते बॅटरीचं व्होल्टेज आणि मोटरवरचा प्रॉप (पंखा) किंवा गिअर ठरवतात. ईएससीच्या वाट्याला फक्त सोसणं येतं. म्हणून तो सगळ्यात शेवटी निवडायचा.

तयारी: कागदावर सहा ओळी

पुढच्या सहा गोष्टी लिहून काढा. एक जरी ओळ रिकामी असली तरी खरेदीला निघू नका.

मॉडेल कोणतं (विमान, क्वाड म्हणजे चार पंख्यांचा ड्रोन, गाडी, बोट). मोटरचा प्रकार आणि केव्ही किंवा टर्न (अर्थ तिसऱ्या टप्प्यात). बॅटरी किती सेलची, किती एमएएच, किती सी (म्हणजे क्षमतेच्या किती पट करंट ती देऊ शकते). प्रॉपचा व्यास आणि पिच (पात्याचा तिरपेपणा), गाडी असेल तर पिनियन (मोटरवरचा छोटा) आणि स्पर (त्याला लागलेला मोठा) गिअरचे दात. सर्वो (दिशा वळवणाऱ्या छोट्या मोटरी) किती आणि कुठले. ईएससीसाठी जागा किती आणि तिथे वारा लागतो का.

हत्यारांमध्ये मल्टिमीटर हवाच. वॉटमीटर, म्हणजे बॅटरी आणि ईएससीच्या मध्ये जोडायचा तो छोटा डिस्प्लेवाला मीटर, मिळाला तर पहिल्याच वापरात पैसे वसूल होतात. आणि स्कूटरच्या स्पेअरपार्टच्या दुकानातून बारा व्होल्ट, एकवीस वॉटचा ब्रेकलाइटचा बल्ब आणा. त्याचं काम पुढे आठव्या टप्प्यात आहे.

१. मोटर आणि मॉडेल, दोन्ही जुळले पाहिजेत

मोटरमधून दोन तारा येत असतील तर ती ब्रश्ड, जाड तीन तारा येत असतील तर ब्रशलेस. दोघींचे ईएससी वेगळे. एकाचा दुसरीला चालत नाही. गाडीच्या ब्रशलेस मोटरला कधी तीन तारांशिवाय एक बारीक पट्टीसारखी केबलही असते, ती सेन्सरची. सेन्सरवाली मोटर साध्या ईएससीवर फिरते, पण सुरू होताना अडखळते.

इथपर्यंत बहुतेकांचं बरोबर असतं. चूक होते ती मॉडेलच्या बाबतीत. विमानाचा ईएससी गाडीत घातला तर रिव्हर्स नाही आणि गाडीसारखा ब्रेकही नाही. गाडीचा विमानात घातला तर रिमोटच्या स्टिकचा मध्य म्हणजे शून्य, आणि स्टिक पूर्ण खाली नेली की मोटर थांबायच्या ऐवजी उलटी फिरते. बोटीला रिव्हर्स हवा, शिवाय पाण्याने थंड होण्यासाठी नळी जोडायची सोय हवी. क्वाडचा ईएससी सेकंदाला शेकडो वेळा वेग बदलतो, म्हणून तो क्वाडसाठीच बनलेला घ्या.

२. सेल मोजा, आणि पूर्ण चार्जचा आकडा धरा

लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीचा एक सेल ३.७ व्होल्टचा म्हणतात, पण पूर्ण चार्ज झाल्यावर तो ४.२ व्होल्ट असतो. ईएससीला पहिला धक्का बसतो तो ४.२ चा. म्हणजे ३एस (तीन सेलची) बॅटरी ११.१ नाही, १२.६, ४एस १६.८, ६एस २५.२.

ईएससीवर "२-३एस" लिहिलं असेल तर तिथे ४एस लावायचा नाही. "थोडा वेळ लावून बघतो" यातला थोडा वेळ अर्ध्या सेकंदाचाही असू शकतो. अँपियरची मर्यादा ओलांडली तर ईएससी तापतो, आणि तापायला निदान वेळ लागतो. व्होल्टची ओलांडली तर तेवढीही सवड मिळत नाही.

३. करंट: इथे घाई करू नका

उदाहरण तेच घेतो जे निम्म्या कॉलेज-प्रोजेक्टमध्ये दिसतं. ए२२१२, १००० केव्हीची आउटरनर (बाहेरचं कवच फिरणारी) मोटर, ३एस बॅटरी, १० × ४.५ चा प्रॉप, आणि "सेटमध्येच येतो" म्हणून तीस अँपियरचा ईएससी.

केव्ही म्हणजे मोकळ्या मोटरचे दर व्होल्टला किती फेरे. १००० गुणिले ११.१ म्हणजे मिनिटाला सुमारे ११,१०० फेरे, तेही प्रॉप नसताना. प्रॉप लावला की फेरे कमी होतात आणि करंट चढतो. हा सेट वॉटमीटरवर लावून फुल थ्रॉटल दिला की चौदा-पंधरा अँपियरच्या आसपास आकडा येतो. तीसचा ईएससी आरामात बसला. पण याच मोटरच्या माहितीपत्रकात "१२ अँपियर, ६० सेकंद" अशी तिची स्वतःची मर्यादा दिलेली असते! म्हणजे ईएससी गार राहील आणि मोटरची वाइंडिंग तपकिरी होईल. मोठा ईएससी मोटरला वाचवत नाही, एवढं लक्षात ठेवा. इथे उपाय लहान प्रॉपचा आहे.

आता डोंबिवलीहून आलेल्या एका मुलाची गोष्ट. त्याचं फोमशीटचं विमान याच सेटवर छान उडत होतं. मित्राने ४एस बॅटरी दिली. त्याने हिशेब केला: तीनाचे चार सेल म्हणजे करंट तेहतीस टक्के वाढेल, पंधराचे वीस होतील, ईएससी तीसचा आहे, बिनधास्त. प्रॉपचा हिशेब असा सरळ चालत नाही. फेरे जेवढ्या पट वाढतात, त्याच्या घनाने शक्ती लागते. फेरे १.३३ पट तर शक्ती जवळजवळ २.४ पट, आणि व्होल्टेज १.३३ पट झालेलं असल्यामुळे करंट सुमारे १.८ पट. पंधराचे सव्वीस-सत्तावीस. प्रत्यक्षात व्होल्टेज दबतं, म्हणून थोडा कमी येतो, पण वीस नक्कीच नाही. दुसऱ्याच मिनिटाला मोटरमधून धूर आला आणि अडकलेल्या मोटरने ईएससीलाही सोबत नेलं. दोन्ही माझ्या डब्यात आहेत.

प्रॉपचा व्यास याहून फसवा. ढोबळ हिशेबात शक्ती व्यासाच्या चौथ्या घाताने वाढते. पिच आणि फेरे तेच ठेवून नवाऐवजी दहा इंची पंखा लावलात तर दीडपट भार. एक इंच म्हणून सोडून देऊ नका.

मोजमाप करायला अजून मॉडेल हातात नसेल तर मोटर बनवणाऱ्याचा तक्ता शोधा: अमुक व्होल्ट, अमुक प्रॉप, अमुक अँपियर. तुमचा प्रॉप त्यात नसेल तर त्याहून मोठ्या प्रॉपची ओळ धरा. नुसता "मॅक्स करंट" वाचून भागत नाही, कारण तो मोटरची मर्यादा सांगतो, तुमच्या जोडणीत किती करंट वाहणार ते सांगत नाही.

ब्रश्ड गाड्यांत अँपियरपेक्षा टर्न, म्हणजे मोटरमधल्या तारेचे वेढे, बघा. टर्न कमी तर मोटर जोरकस आणि करंटही जास्त. हॉबीविंगच्या १०६० या साध्या ईएससीचं माहितीपत्रक पाहा: ५४० आकाराची मोटर दोन सेलवर १२ टर्नपेक्षा कमी नको, तीन सेलवर १८ पेक्षा कमी नको. साठ अँपियर छापलेत म्हणून कुठलीही मोटर त्यावर चालते असं नाही.

तपासा: बॅटरी तेवढं देऊ शकते का? २२०० एमएएच, २५सी म्हणजे २.२ गुणिले २५, लेबलनुसार ५५ अँपियर. स्वस्त बॅटरीच्या लेबलवरचा सी मी निम्माच धरतो.

४. वर किती मोकळीक सोडायची

विमानात मोजलेल्या करंटच्या वर २५ ते ३० टक्के. पंधरा असेल तर वीस, बावीस असेल तर तीस. गाडी आणि बोटीत दीड ते दुप्पट, कारण तिथे मोटर जाम होते. गाडी भिंतीला टेकून थ्रॉटल दाबलेला राहतो. बोटीच्या पंख्यात प्लॅस्टिकची पिशवी किंवा जलपर्णी गुंडाळली जाते. (जाता जाता: पवई तलावात मगरी आहेत. अडकलेली बोट आणायला पाण्यात उतरायचं नाही.)

आकडा वाचताना "कंटिन्युअस" वाचा. "बर्स्ट" दहा सेकंदांचा असतो आणि पाकिटावर मोठ्या अक्षरात तोच छापतात.

क्वाडसाठी नखाएवढे चाळीस अँपियरचे ईएससी मिळतात. खोटे नसतात ते, पण प्रॉपचा वारा सतत अंगावर येणार हे गृहीत धरून तो आकडा दिलेला असतो. तोच ईएससी विमानाच्या बंद फोमच्या पोटात कोंबलात तर वीसवरही भाजेल. त्यात मुंबईचा मे आणि ऑक्टोबर. सावलीत तेहतीस-चौतीस अंश, उन्हात ठेवलेल्या मॉडेलच्या पोटात त्याहून बरंच जास्त. वारा आत यायला एक भोक आणि बाहेर जायला त्याहून मोठं भोक ठेवा. बाहेरचं लहान असेल तर वारा आत शिरतच नाही.

५. बीईसी: विमानं इथे पडतात

ईएससीतून रिसीव्हरकडे (रिमोटचा सिग्नल घेणाऱ्या मॉडेलमधल्या भागाकडे) जाणारी जी तीन पदरी बारीक तार असते, तिच्यातल्या लाल तारेतून पाच व्होल्ट येतात. ते देणारा भाग म्हणजे बीईसी. सर्वो त्यावर चालतात. "विमान छान चाललं होतं, मधेच कंट्रोल गेला" ही तक्रार आली की मी आधी रेडिओ बघत नाही, बीईसी बघतो.

बीईसी दोन जातींचे. लिनियर बीईसी जास्तीचं व्होल्टेज उष्णतेत जाळतो. ३एस पूर्ण चार्ज असेल तर १२.६ मधून ५ गेले, उरले ७.६, सर्वो एक अँपियर ओढत असतील तर ७.६ वॉट नुसती उष्णता. ४एसवर तीच ११.८ वॉट, म्हणजे तुमच्या पंचवीस वॉटच्या सोल्डरिंग आयर्नच्या जवळजवळ निम्मी, तीही हीटश्रिंकमध्ये (तापवल्यावर आवळणाऱ्या प्लॅस्टिकच्या नळीत) गुंडाळलेली. तापला की बीईसी बंद होतो, रिसीव्हर झोपतो आणि विमान खाली येतं. जमिनीवर हातात घेईपर्यंत तो गार झालेला असतो, सगळं पुन्हा नीट चालतं आणि कारण कुणाला सापडत नाही.

स्विचिंग बीईसी, ज्याला एसबीईसी म्हणतात, फार तापत नाही. माझा नियम असा: ३एसवर नऊ ग्रॅमचे तीन-चार सर्वो असतील तर लिनियर चालेल. ४एस, किंवा चारपेक्षा जास्त सर्वो, किंवा एकही मोठा मेटल गिअरचा सर्वो असेल तर स्विचिंगच. एमजी९९६आर सारखा सर्वो अडकला तर सहा व्होल्टवर एकटा अडीच अँपियर ओढतो. "५ व्होल्ट, २ अँपियर" छापलेला बीईसी तिथेच संपला.

"ऑप्टो" लिहिलेल्या ईएससीत बीईसी नसतोच. तो घेतलात तर वेगळा यूबीईसी लागेल. यादीत लिहून ठेवा, नाहीतर घरी येऊन सगळं जोडाल आणि रिसीव्हरचा दिवाच लागणार नाही.

सावधान: दोन मोटरच्या विमानात दोन ईएससी म्हणजे दोन बीईसी. दोन स्विचिंग बीईसी एकाच रिसीव्हरला जोडले तर एकमेकांशी भांडतात. एका प्लगमधली लाल तार काढून ठेवा. कापू नका, प्लगच्या प्लॅस्टिकची चिमुकली जीभ टाचणीने उचला, पिन मागे ओढा आणि टेपने गुंडाळा. उद्या तोच ईएससी दुसरीकडे वापरता येतो.

६. तारा आणि कनेक्टर

एक्सटी३० तीस अँपियरला, एक्सटी६० साठला, एक्सटी९० नव्वदला. जेएसटीचा लाल चिमुकला कनेक्टर पंधरा अँपियरच्या मोटरला लावू नका, तो वितळतो.

ईएससी पुढे आणि बॅटरी मागे असली की लोक बॅटरीच्या तारा वाढवतात. उलट करा: मोटरकडच्या तिन्ही तारा वाढवा. बॅटरीकडच्या लांब तारांमुळे दर स्विचिंगला व्होल्टेजचा झटका येतो आणि तो ईएससीच्या तोंडाशी असलेल्या कपॅसिटरला सोसावा लागतो. पर्यायच नसेल तर दर दहा सेंटिमीटरला सुमारे २२० मायक्रोफॅरडचा लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेला) कपॅसिटर ईएससीजवळ जोडा, ४एससाठी निदान २५ व्होल्टचा, ३५ चा मिळाला तर बरा.

७. खरेदी

मुंबईत लॅमिंग्टन रोडला, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जाणार असाल तर शनिवारची संध्याकाळ टाळा. गर्दीत कुणी पाकीट उघडून दाखवत नाही. ग्रँट रोडला उतरून चालत जा, कागद हातात ठेवा आणि "तीसचा द्या" न म्हणता "कंटिन्युअस तीस, ४एस, एसबीईसी, विमानाचा" असं पूर्ण सांगा. दुकानदार लगेच वेगळा डबा उघडतो.

हातात आल्यावर बॅटरीच्या तारा बघा. खऱ्या तीस अँपियरच्या ईएससीला सिलिकॉनच्या, मऊ, साधारण सोळा गेजच्या तारा असतात. चार्जरच्या वायरसारख्या कडक, बारीक तारा असतील तर लेबल काहीही म्हणो, परत ठेवा. प्रोग्रॅमिंगचा कागद मिळतोय का पाहा. बिल घ्या. मी एकदा बिल न घेता चार ईएससी उचलले होते. त्यातला एक पाकिटातूनच मेलेला निघाला आणि दुकानदाराने मला ओळखलंच नाही.

सावधान: तिथूनच लायपोही घेतलीत तर लोकलमध्ये शिरण्याआधी तिच्या कनेक्टरवर टोपी किंवा टेप लावा. बॅगेत किल्ल्या आणि सुटे पैसे असतात.

८. पहिली जोडणी: प्रॉप काढून, बल्ब लावून

प्रॉप काढा. गाडी असेल तर चाकं वर उचलून ठेवा. हे वाचून पुढे जाऊ नका, आधी काढा.

मग क्रम असा. मल्टिमीटरच्या बीपवर ईएससीचं प्लस-मायनस तपासा. जोडताक्षणी क्षणभर बीप येऊन थांबली तर ती कपॅसिटरची, ठीक आहे. सतत वाजत राहिली तर शॉर्ट आहे, थांबा. मोटरच्या तिन्ही तारा जोडा, कुठलीही कुठेही. रिसीव्हरची तार थ्रॉटल चॅनेलला लावा. ट्रान्समीटर (हातातला रिमोट) आधी चालू करा, थ्रॉटल खाली ठेवा. बॅटरीच्या लाल तारेच्या मध्ये तो स्कूटरचा बल्ब ओवून बॅटरी जोडा.

बल्ब क्षणभर चमकून विझला तर जोडणी ठीक. पेटलेलाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, पण बल्बने करंट अडवल्यामुळे ईएससी वाचला. वीस-तीस रुपयांत याहून चांगला विमा मिळत नाही. नंतर बल्ब काढून सरळ जोडा.

मोटर उलटी फिरली तर तीनपैकी कुठल्याही दोन तारांची अदलाबदल करा. ही मोटरच्या तारांची गोष्ट आहे. बॅटरीच्या तारांची अदलाबदल म्हणजे ईएससी डब्यात जमा, आणि दरवर्षी कुणीतरी ती करतंच.

९. सेटिंग

थ्रॉटल कॅलिब्रेशन बहुतेक ईएससीत असं होतं: स्टिक पूर्ण वर, ट्रान्समीटर चालू, मग बॅटरी. दोन बीप आल्या की लगेच स्टिक पूर्ण खाली. मग सेल मोजून तितक्या बीप आणि एक लांब बीप. स्टिक खाली आणायला उशीर केलात तर ईएससी प्रोग्रॅमिंगमध्ये शिरतो आणि गाणं वाजवत बसतो. बॅटरी काढून पुन्हा सुरुवात करा. डीशॉट या डिजिटल सिग्नलवर चालणाऱ्या क्वाडच्या ईएससीला ही कसरत लागत नाही.

तीन सेल लावून दोनच बीप आल्या तर उडवू नका. ईएससीने बॅटरी दोन सेलची समजली आहे, आणि मग कटऑफ (बॅटरी उतरली की मोटरची शक्ती तोडणं) फार खाली लागून बॅटरी फुगेल.

कटऑफचा प्रकार "लायपो" आहे ना ते बघा. काही गाड्यांच्या ईएससीत तो एका जंपरवर असतो आणि निकेल बॅटरीच्या खुणेवर राहिलेला असतो. विमानात कटऑफ एकदम तोडणारा नको, हळूहळू शक्ती कमी करणारा हवा. माणूस निदान उतरवू तरी शकतो. क्वाडमध्ये कटऑफ बंद ठेवा आणि व्होल्टेजचा अलार्म लावा, कारण हवेत एक मोटर थांबली की क्वाड दगड होतो.

ब्रेक फक्त मिटणाऱ्या प्रॉपच्या ग्लायडरला चालू, बाकी विमानांना बंद. टायमिंग मीडियमवर सोडा.

१०. वॉटमीटर लावून पहिली धाव

आता प्रॉप लावा, मॉडेल घट्ट बांधा, स्वतः प्रॉपच्या मागे उभे राहा आणि घरातल्यांना खोलीबाहेर काढा. पूर्ण चार्ज बॅटरी, वॉटमीटर मध्ये, थ्रॉटल हळूहळू वर. फुल थ्रॉटल पाच सेकंदांपेक्षा जास्त नको. अँपियर आणि सर्वात कमी व्होल्ट, दोन्ही लिहा. आकडा तुमच्या अंदाजापेक्षा वर गेला तर ईएससी बदलण्याआधी प्रॉप एक इंचाने कमी करून पुन्हा मोजा.

मग अर्ध्या थ्रॉटलवर दोन मिनिटं चालवा, बॅटरी काढा आणि ईएससीला बोट लावा. तीन-चार सेकंद बोट ठेवता आलं तर ठीक. लगेच उचलावं लागलं तर वारा कमी पडतोय किंवा ईएससी लहान आहे. बरेच ईएससी ११० अंशांच्या आसपास स्वतःच शक्ती तोडतात, पण तिथवर नेऊन बघू नका. अर्धा थ्रॉटल दिला की ईएससी सुखात असतो असंही समजू नका. अर्ध्यावर तो सतत चालू-बंद करत असतो, आणि तेवढ्याच करंटला फुल थ्रॉटलपेक्षा जास्त तापतो.

विमान किंवा क्वाड असेल तर मैदानाकडे निघण्याआधी ड्रोन नियम, २०२१ खालचा हवाई नकाशा उघडा. मुंबईचा बराच भाग विमानतळाच्या जवळ येतो आणि तुमच्या इमारतीची गच्ची त्यातून सुटलेली नसते. चौपाटीवर गाडी चालवलीत तर घरी येऊन ईएससीच्या फटीतली वाळू ब्रशने काढा. खारं पाणी लागलं असेल तर गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण सुकवा. "वॉटरप्रूफ" लिहिलेलं असलं तरी कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतातच. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका.

शेवटी कागदी टेपचा एक तुकडा ईएससीवर चिकटवा आणि त्यावर पेनाने लिहा: प्रॉप, सेल, मोजलेले अँपियर, तारीख. सहा महिन्यांनी मित्र ४एस बॅटरी घेऊन येतो तेव्हा आधी ती चिठ्ठी वाचायची.